लॅपटॉपवरची कॉपी उडवू नका

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्या भाचीने तो पाठवून विचारलं, "मामा, खरंय का हे?" मजकूर असा: ‘कोड गिटहबवर पुश केला की कायमचा सुरक्षित. गिट विकेंद्रित आहे, कोड हरवूच शकत नाही. मागे मायक्रोसॉफ्ट आहे, बंद पडायची भीती नाही. शिवाय सगळा कोड आर्क्टिकच्या तिजोरीत आहे. लॅपटॉपवरची कॉपी उडवा, जागा मोकळी करा.’

गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, गिटहब म्हणजे तो कोड इंटरनेटवर ठेवायची साइट, आणि तिथे चढवणं म्हणजे पुश. फॉरवर्डचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण खरं नुकसान त्यानेच होणार आहे. गिट विकेंद्रित आहे, हे मान्य. पूर्ण क्लोन, म्हणजे प्रोजेक्टची आख्खी प्रत, केला तर सगळा इतिहास हाताशी येतो. पण सगळ्यांनीच आपापली कॉपी उडवली तर विकेंद्रित राहिलं काय? उरते ती एका कंपनीकडची एकच प्रत. बरं, बरीच मुलं क्लोन करतच नाहीत, झिप उतरवतात. त्या झिपमध्ये इतिहासाचा एकही कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, नसतो. ‘डेप्थ १’ लावून केलेल्या क्लोनमध्ये फक्त शेवटचा कमिट येतो. आणि पूर्ण क्लोनमध्येही इश्यू (चुका-सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्टवरची (बदल सामील करायच्या विनंतीवरची) चर्चा आणि रिलीजला (प्रसिद्ध आवृत्तीला) जोडलेल्या फाइली नसतात. अमुक बदल का केला, हे बहुतेक प्रोजेक्टांत तिथेच लिहिलेलं असतं.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ७.५ अब्ज डॉलरला गिटहब घेतलं, तेव्हा ते उद्या बंद पडेल असं मीही म्हणत नाही. पण गूगल काही लहान कंपनी नव्हती, तरी तिची कोड ठेवायची साइट, गूगल कोड, २०१६ मध्ये बंद झालीच. बिटबकेट या तशाच साइटने २०२० मध्ये मर्क्युरियल या गिटसारख्या सॉफ्टवेअरचा आधार काढला. आणि दार बंद व्हायला कंपनी बुडावी लागत नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खाजगी रिपॉझिटरी (प्रोजेक्टचे कोडसाठे) पूर्वसूचना न देता अडवल्या. इराणला मोकळीक मिळायला जानेवारी २०२१ उजाडला.

लांबचं कशाला, डिसेंबर २०१४ मध्ये भारत सरकारच्या आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली गेली. त्यात गिटहब होतं, तसलीच दुसरी साइट सोर्सफोर्जही होती. तिकडे सर्व्हर धडधाकट चालू होते आणि देशातल्या अनेक जोडण्यांवरून साइट उघडत नव्हती. उद्या तसंच झालं आणि परवा सबमिशन असेल, तर जुळे सोलापुरात बसलेल्या पोराने कुठे जायचं?

आर्क्टिकची तिजोरी खरी आहे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर. पण तिच्यात गेला तो २ फेब्रुवारी २०२० रोजीचा सार्वजनिक कोड. यंदाचा तुमचा प्रोजेक्ट त्यात असणार कसा?

आता करायचं काय. ‘गिट क्लोन’ला ‘मिरर’ हा पर्याय लावा, म्हणजे सगळ्या ब्रँच (कामाच्या फांद्या) आणि टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) येतात. मध्येच वीज गेली तर क्लोन पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून करावा लागतो. पुढे दर आठवड्याला ‘गिट रिमोट अपडेट’ चालवा. मात्र मिरर मूळची चूकही उचलतो: तिकडे कोणी फोर्स पुश (जुन्या इतिहासावर जबरदस्तीने नवा चढवणं) केला तर इकडची ब्रँचही तशीच बदलते. म्हणून महिन्याला ‘गिट बंडल क्रिएट’ने, ‘ऑल’ लावून, तारखेच्या नावाची एक फाइल करा, ‘गिट बंडल व्हेरिफाय’ने तपासा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल बसत नाही. मोठ्या फाइली एलएफएसमध्ये (त्या वेगळ्या ठेवायच्या गिटच्या सोयीत) असतील तर ‘गिट एलएफएस फेच’ला ‘ऑल’ लावून वेगळं चालवावं लागतं. विकीची, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीपानांचीही, रिपॉझिटरी वेगळी असते, तिचा क्लोन वेगळा करा.

इश्यू गिटहबच्या एपीआयवरून (प्रोग्रॅमने माहिती मागायच्या मार्गाने) उतरवा. इथेच बहुतेक जण फसतात: काही सांगितलं नाही तर एका पानावर ३० इश्यू येतात आणि तेही फक्त उघडे. ‘स्टेट’ला ‘ऑल’ आणि ‘पर पेज’ला १०० द्या आणि पानं संपेपर्यंत मागत राहा. कोडच्या ओळींवरचे शेरे यात येत नाहीत, ते पुल रिक्वेस्टच्या वेगळ्या पत्त्यावरून घ्यावे लागतात.

ग्रुपपैकी कोणाकडे जुना संगणक पडून असेल तर त्यावर फोर्जेयो (Forgejo) बसवा, म्हणजे आपल्याच संगणकावर चालणारं गिटहबसारखं सॉफ्टवेअर. एकच फाइल चालवायची असते, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो. टोकन (गिटहब खात्याची किल्ली) दिलं की गिटहबवरून इश्यू, पुल रिक्वेस्ट, लेबलं सगळं आणतं. फक्त आणताना मिररची खूण करू नका, ती केली की इश्यू येत नाहीत.

ज्यांनी फॉरवर्ड वाचून कॉपी उडवलीच आहे, त्यांनी आज रात्रीच पूर्ण क्लोन घ्यावा.