कळसूबाई थोडी थांबू दे

लहान मुलांना ट्रेकला नेण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण पाच वर्षांच्या मुलांना थेट कळसूबाईला न्या हा त्यातला सल्ला काही पटला नाही. १६४६ मीटरचं शिखर, वर लोखंडी शिड्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांवर रांग. पोर मध्येच "कडेवर घे" म्हणालं की काय करायचं?

त्यापेक्षा लोहगड. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं (मुलांची निम्मी मजा लोकलमध्येच होते). पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, तिथून पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. "पुढच्या दरवाजात लाडू" एवढ्यावर आमची धाकटी कुरकुर न करता चढली. विंचूकाट्याचा (गडाची लांब, निमुळती माची) नाद मात्र लहान मुलं सोबत असताना सोडावा, तिथे उतरायची वाट अडचणीची आहे. आणि भर पावसातला शनिवार-रविवार नकोच. पायऱ्या निसरड्या, त्यात गर्दी. दिवाळीनंतर जा.

पाय दुखले किंवा मूड गेला तर मळवलीजवळची भाजे लेणी पाहून परत फिरा. दोन हजार वर्षांपूर्वीचा तिथला चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) बघितला तरी दिवस वसूल. शिखर गाठलंच पाहिजे ही हौस बहुतेक वेळा बाबांची असते!