खुलासा : सिराजच्या वेळी बंगळुरूकडे आरटीएम कार्डे होती

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील क्रिकेटप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत असा दावा फिरत आहे की, आयपीएलच्या 2024 मधील महालिलावात आरटीएम (‘राइट टू मॅच’, म्हणजे दुसऱ्या संघाच्या बोलीइतकी रक्कम मोजून आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क) कार्डे संपल्यामुळेच बंगळुरूला मोहम्मद सिराज गमवावा लागला. हा दावा खरा नाही.

कायम ठेवलेले आणि आरटीएमने परत घेतलेले मिळून सहाच खेळाडूंची मुभा होती. बंगळुरूने विराट कोहली (21 कोटी), रजत पाटीदार (11 कोटी) आणि यश दयाल (5 कोटी) या तिघांनाच राखल्यामुळे, जेद्दाहच्या लिलावात उतरताना त्यांच्याकडे तीन कार्डे आणि 83 कोटी रुपये होते. पहिल्याच दिवशी, 24 नोव्हेंबरला, गुजरातची सिराजवरील बोली 12 कोटी 25 लाखांवर थांबली, तेव्हा बंगळुरूने कार्ड वापरले नाही. एकच कार्ड होते ते मुंबईसारख्या पाच खेळाडू राखणाऱ्या संघांकडे, आणि मुंबईचे कार्ड नमन धीरसाठी वापरले गेले. गोंधळ बहुधा तेथूनच झाला असावा.

2018 पासून संघासाठी घाम गाळलेल्या गोलंदाजाला सोडणे अनेकांना जिव्हारी लागले, आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र कार्ड दाखवले असते तरी नव्या नियमानुसार गुजरातला बोली एकदा वाढवण्याची संधी मिळाली असती आणि ती वाढीव रक्कम बंगळुरूला मोजावी लागली असती.