मागून चपटं

माझं डोकं मागून चपटं आहे, ही गोष्ट मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका फर्निचरच्या दुकानात, कूलरच्या वाऱ्याला बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याकडून कळली. नुसती सांगून नव्हे. दोन्ही हातांनी चाचपून, चार माणसांच्या साक्षीनं. शनिवारची गोष्ट. आज मंगळवार, तरी माझा हात अजून आपोआप मागं जातो.

मी गेलो होतो बाळाची कॉट बघायला. बघायलाच, घ्यायला नाही. बाळ यायच्या आधी घरात पाळणा आणायचा नाही, असा आमच्या आईचा कायदा आहे आणि त्यात 'बघणं' बसतं की नाही यावर घरात अजून खल चालू आहे. बायको आठव्या महिन्यात, बार्शीला माहेरी. तिकडं ती डाव्या कुशीवर पडून रात्री दोन वाजता वाचते आणि वाचलेलं मला पाठवते. कॉटच्या दांड्यांमधली फट सहा सेंटीमीटरच्या वर नको, कारण बाळ पायाकडून सरकत फटीतून बाहेर जातं आणि डोकं आत अडकतं. गादी कडक हवी. गादी आणि कठड्याच्या मधे दोन बोटांच्या वर जागा नको. कोपऱ्याचे खांब वर डोकावणारे नकोत, त्यात अंगडं अडकतं. आणि एक बाजू खाली-वर सरकणारी तर अजिबात नको. अमेरिकेत २०११ पासून तसली कॉट विकायलाच बंदी आहे. शेवटी एक ओळ : 'विसरशील. टेप घेऊन जा.'

कॉट ठेवणार कुठं, हा वेगळा विषय. बायकोची पुण्याची मावसबहीण परवा फोनवर विचारत होती, "जिजू, नर्सरीचं काय ठरलं?" मला वाटलं गुलाबाची रोपं पाहिजेत. नर्सरी म्हणजे बाळाची खोली. आमची नर्सरी म्हणजे बेडरूममधला कपाट आणि खिडकी यांच्या मधला कोपरा, आणि तिथं सध्या तीन निळी पिंपं राहतात. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं हे पुण्यात सांगून पटत नाही. आमच्याकडं पाहुणा आला तर त्याला हॉलमध्ये झोपवता येतं, पिंपाला नाही. शिवाय रांगतं मूल वीतभरसुद्धा नाही, दोन बोटं पाण्यातही बुडू शकतं, हेही बायकोनं रात्री दोनलाच पाठवलंय. म्हणजे आधी पिंपं हलवायची, मग कॉट. पिंपं कुठं हलवायची, ते तिनं पाठवलेलं नाही.

असो. दुकानदारानं आधी 'फुल सेट' काढला. पांढरीशुभ्र कॉट, आतून चारही बाजूंना फुगीर गुलाबी गाद्यांचं कुंपण, दोन लोड, उशी, रजई, वर जाळी आणि जाळीला लटकलेले हत्ती. बाळ सोडून सगळ्यांची सोय होती.

"यातलं काय काय काढता येईल?" मी विचारलं.

"काढायला?" तो गोंधळला. "लोक घालायला मागतात साहेब."

मी त्याला सांगितलं, की ह्या कठड्याच्या फुगीर गाद्यांत बाळाचं नाक दबलं तर त्याला मान वळवून सुटता येत नाही, म्हणून अमेरिकेनं २०२२ मध्ये कायदा करून त्यांची विक्री बंद केली. तो म्हणाला, "तिकडची पोरं वेगळी असतात."

मग मी रंगाचं विचारलं. दात येताना पोरं कठडा चावतात. आपल्याकडंही १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, वर शिसं चालत नाही. "ह्याच्या रंगात शिसं नाही ना?"

"शिसम नाही साहेब, रबरवूड आहे. शिसम पाहिजे तर वाढीव पडतील."

मी टेप काढला आणि दोन दांड्यांच्या मधे धरला. साडेसात. दुकानातल्या पोरानं हळूच मालकाला विचारलं, "कॉर्पोरेशनचे आहेत का?"

आणि तेव्हा कूलरसमोरच्या, प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यावरून आवाज आला. "काय मोजायलाव, मालक?"

पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पंचाहत्तरीच्या आसपासचे गृहस्थ. दुकानदारानं ओळख करून दिली, "ते अण्णा. उन्हाचे येतात." म्हणजे मार्च ते जून. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग, सांभाळलेला माणूस. आता कारखाना नाही, घरी कूलर नाही.

"फट मोजतोय," मी म्हटलं. "सहाच्या आत पाहिजे. नाहीतर डोकं अडकतं."

"कुणाचं अडकलंय?"

"अडकू नये म्हणून."

अण्णांनी थोडा वेळ विचार केला. "आम्ही नऊ भावंडं. आईचं नऊवारी लुगडं माळवदाच्या तुळईला बांधलेलं. एकापाठोपाठ नऊ जण त्याच झोळीत. एकाचं पण डोकं अडकलं नाही."

"झोळीला दांड्या नसतात अण्णा."

"तेच सांगायलोय मी."

यावर काय बोलणार? मी पुढची फट मोजायला घेतली. पण अण्णा आता सोफ्यावरून उठले होते, आणि सोलापुरात दुपारी दोन वाजता कूलरसमोरून उठलेला माणूस काहीतरी हेतू धरूनच उठलेला असतो.

"चादर कुठली घालणार?"

"चादर नाही घालायची."

कूलरच्या पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"सोलापुरात?" अण्णा म्हणाले.

मी समजावलं. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ सैल पांघरूण नको, ते तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. थंडी वाटली तर अंगात एक कपडा जादा घालायचा. शिवाय बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानदाराकडं वळून म्हणाले, "जगभर पाठवली चादर. आता सोलापूरचं पोरच नको म्हणायलंय." मग मला, जरा नरमाईनं, "पायाशी घडी करून तरी ठेवा. ओळख म्हणून."

"नाही अण्णा."

"बरं. उशी?"

"उशी पण नाही."

"राईची पण नाही?"

आता राईच्या उशीचं काय आहे, की त्यावर हिंदुस्थानातल्या तमाम आज्यांचं एकमत आहे. बाळ जन्मलं की मोहरी भरलेली चपटी उशी त्याच्या डोक्याखाली जाते, डोक्याला गोल आकार यावा म्हणून. आमच्या आईनं तर शिवून, भरून, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली आहे. बाळाच्या आधी पाळणा नको, उशी चालते. मी अण्णांना सांगितलं, की बाळाला उताणं झोपवायचं, डोक्याखाली काही नाही. मागं जरा सपाट होतं, नाही असं नाही. त्यावर उपाय म्हणजे जागं असताना, आपण समोर बसून, त्याला रोज थोडा वेळ पालथं घालायचं. वरची टाळू भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, हाडं कोवळी असतात, आकार येत जातो.

हे मी बरं सांगितलं असं मला वाटत होतं.

"इकडं या जरा," अण्णा म्हणाले.

का गेलो, माहीत नाही. पांढऱ्या कपड्यातल्या म्हाताऱ्यानं 'इकडं या' म्हटलं की आपण जातो. शाळेपासूनची खोड आहे. अण्णांनी माझा चष्मा काढून दुकानातल्या पोराच्या हातात दिला. दोन्ही अंगठे माझ्या कानांमागं टेकवले, आणि तळहात मागून वर, मग वरून खाली फिरवला. घाई नाही. चादरीचा पोत बघतात तसा. एकदा टिचकीही मारली.

"शेठ, या हिकडं."

"काय झालं अण्णा?"

"हात लावा."

"नको, गिऱ्हाईक आहेत..."

"लावा हो!"

दुकानदारानं हात लावला आणि म्हणाला, "हं."

बाकी सगळं मी विसरेन. ते 'हं' नाही विसरणार. नऊ हजार पाचशेची कॉट विकायला बसलेला माणूस. त्यानं 'छे छे, छान आहे' म्हणायला काय हरकत होती? ड्रेसिंग टेबल बघायला आलेलं एक जोडपं तोवर जवळ सरकलं होतं. त्यातल्या बाई नवऱ्याला हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्या भावजींचं आहे तसंच." म्हणजे कुठल्यातरी भावजींचंही वाटोळं झालं आणि त्यांना पत्ताच नाही.

"आईनं उशी दिली नव्हती ह्यांना," अण्णांनी निकाल दिला. "भाकरी थापल्यागत झालंय मागनं." आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून, "पोराचं तरी सांभाळ बे."

सोलापूरबाहेरच्या वाचकांना यातली मेख कळणार नाही. 'बे' ही आमच्याकडं शिवी नाही, माया आहे. पण ती मित्राला, भावाला, फार तर रिक्षावाल्याला. दुकानात आलेला अनोळखी माणूस 'मालक' असतो. मी टेप काढला तेव्हा मालक होतो आणि डोकं तपासल्यावर बे झालो. पाच मिनिटांत.

मी चष्मा मागितला. निघणारच होतो. तेवढ्यात अण्णा त्या कॉटपाशी वाकले आणि बोटं घालून फटी मोजायला लागले. टेप नाही, नुसती बोटं. "सात... साडेसात... सात... ही बघा, आठ." मी टेप लावून बघितला. आठ.

"शेठ, मागाच्या फणीचा एक दात वाकला तर अख्ख्या थानाला उभी रेघ पडती. माल परत येतो. आणि तुम्ही पोराच्या खाटेला असल्या फटी ठेवताव?"

"आजवर कुणाची तक्रार नाही अण्णा."

"तक्रार कोण करणार? पोराला बोलता येतंय का?"

इथं मला हसू आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी चार दुकानं फिरलो, चारही ठिकाणी हेच वाक्य ऐकलं : तक्रार नाही. वाळवीची पाच वर्षं गॅरंटी आहे. पॉलिशची आहे. चाकांची आहे, आणि ती चाकं आमच्या शहाबादी फरशीवर आपोआप उताराला लागतात, लॉक असलं तरी. पण दांड्यांतली फट किती, हे चारांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि विचारणाऱ्याकडं सगळ्यांनी एकाच नजरेनं बघितलं : पहिलटकर बाप, पुस्तकं वाचून आलाय. एकानं सरकती बाजू धडाधड खाली-वर करून दाखवली, 'बाईमाणसाला वाकायला नको' म्हणून. तिसऱ्यांदा ती मधेच अडकली. त्यानं बुक्की मारून बसवली आणि म्हणाला, "नवीन आहे, होईल सैल." मी घाबरट आहे, मान्य. पण ह्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी सांगावं.

घरी आल्यावर आईला विचारलं, "मला राईची उशी दिली होतीस का?"

आई शेंगा फोडत होती. थोडी जास्तच लक्ष देऊन फोडायला लागली. मग म्हणाली, "दादाला दिली होती."

"आणि मला?"

"तू दुसरा." मग बऱ्याच वेळानं, "दादाचीच ठेवली होती तुझ्यासाठी. त्या वर्षी पाहुणे फार झाले. फोडणीला गेली." दादाचं डोकं खरंच नारळासारखं आहे. चौतीस वर्षं मी त्याला हुशार समजत होतो, तो नुसता गोल होता.

रात्री बायकोला व्हिडिओ कॉल केला. फटी सांगितल्या, आठची फट सांगितली, ती तिकडं लिहून घेत होती. शेवटी सहज सांगितल्यासारखं अण्णांचंही सांगितलं. ती म्हणाली, "काहीतरीच! वळ बघू जरा." मी वळलो. बराच वेळ काही आवाज आला नाही.

"काय झालं?"

"नेटवर्क गेलं होतं," ती म्हणाली.

रविवारी सात रस्त्याजवळच्या माझ्या नेहमीच्या न्हाव्याकडं गेलो. अकरा वर्षं तो माझे केस कापतो. त्याला म्हटलं, खरं सांग, मागून चपटं आहे का? तो कात्री चालवतच म्हणाला, "म्हणून तर मागनं जरा जास्त ठेवतो साहेब." अकरा वर्षं! ह्या माणसानं माझं गुपित माझ्यापासून सांभाळलं होतं.

काल अण्णांचा फोन आला. नंबर त्यांनी दुकानातच घेऊन ठेवला होता. "भवानी पेठेत ये. आपला सुतार आहे." गेलो. सुतार कामाला लागलेलाच नव्हता, पण अण्णांनी त्याच्याकडून साडेपाच सेंटीमीटरचा एक लाकडी गुटका तासून घेतला होता. प्रत्येक फटीत हा गुटका घट्ट बसला पाहिजे, ढिला बसला की दांडी उपटायची, असा हुकूम. सरकती बाजू नाही. चाकं नाहीत. कोपरे घासून सपाट. गादी ठेवायला दोन खाचा : एक वरची, एक खालची, पोर बसायला लागलं की गादी खालच्या खाचेत. काथ्याची कडक गादी मापाला लावूनच कापायची. मी म्हणायच्या आधी अण्णा सगळं म्हणत होते. शनिवारी मी बोललेला एकही शब्द त्यांनी सांडला नव्हता. मला भरून आलं. मी दोन हजार ॲडव्हान्स दिला. सामान बाळ आल्यावरच घरी येईल, आईला तसं कबूल केलंय.

"आणि उशी?" सुतारानं विचारलं. "आमच्याकडं सगळे राईची घेतात."

"नाही," अण्णा म्हणाले. "ह्यांच्यात उशी नाही. उताणं झोपवणार."

सुतारानं हातातला रंधा ठेवला, मला समोरून बघितलं आणि मग चार पावलं चालत मागं जाऊन उभा राहिला.

"काळजी करू नको बे," अण्णांनी त्याला सांगितलं. "पोर आईवर जाईल."