पाण्यातून वाचलेल्या माणसाचे पुढचे दिवस

पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातील खडकवासला, पानशेत, मुळशी, भुशी या धरणांच्या ठिकाणांहून माणसे बुडाल्याच्या बातम्या येतात आणि ज्याला वेळेवर बाहेर काढले, त्याची बातमी त्याच दिवशी संपते. सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत काम करणारी व्यक्ती म्हणून मला त्याच्या पुढच्या दिवसांची काळजी अधिक वाटते.

पाणी फुप्फुसात शिरले की वायुकोश (हवेच्या सूक्ष्म पिशव्या) उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट या द्रवाचा थर बिघडतो, वायुकोश मिटतात आणि रक्तातील ऑक्सिजन घसरतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या एक्स-रेतील पांढरे डाग बहुधा पाण्याचे असतात, संसर्गाचे नसतात. तरीही नातेवाईक तातडीने ‘भारी’ अँटिबायोटिकचा आग्रह धरतात, आणि तो मला चुकीचा वाटतो. कारण सरसकट दिलेल्या औषधाने न्यूमोनिया टळतो असे सिद्ध झालेले नाही, उलट त्या औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरण्याची भीती असते. पुणे शहरातल्या मुठा नदीसारखे सांडपाणी मिसळलेले पाणी पोटात-छातीत गेले असेल, तर मात्र डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात.

म्हणूनच कोणत्या पाण्यात बुडाला, हे सांगणे अत्यंत महत्त्वाचे आहे. गोड्या पाण्यात एरोमोनास हा जीवाणू असतो, समुद्रात व्हिब्रिओ. चिखलमातीच्या पाण्यातून बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जीवाणू शरीरात शिरू शकतो. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये वाचलेल्या काही जणांना त्यामुळेच मेलिऑइडोसिस हा आजार झाला. आपल्या शेजारच्या किनारी कर्नाटकातही तो आढळतो. त्याचा ताप कधी तीन आठवड्यांनीही येतो, तो क्षयरोगासारखा भासतो आणि न्यूमोनियाची नेहमीची अनेक औषधे त्याच्यावर पुरेशी पडत नाहीत. प्रयोगशाळेतही त्याचा जंतू नेहमी दिसणारा स्यूडोमोनास हा जीवाणू समजून बाजूला पडू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या थुंकीच्या नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर नुसते ‘न्यूमोनिया’ लिहिलेले असते, तेव्हा त्याचा शोध घेण्याचे कारणच आम्हाला मिळत नाही. (सेडोस्पोरियम ही बुरशी तर काही आठवड्यांनी मेंदूत गळू करते, पण ते विरळा.)

बाहेर काढलेला माणूस बोलू-चालू लागला, तरी खोकला किंवा धाप असेल तर त्याला रुग्णालयात नेऊन काही तास देखरेखीखाली ठेवावेच. पोट दाबून पाणी काढू नये. तसे केले तर उलटी होऊन पोटातले अन्न आणि जंतू फुप्फुसात जाऊ शकतात. घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप, वाढता खोकला किंवा छातीत दुखणे सुरू झाले, तर नव्या डॉक्टरांनाही बुडण्याची तारीख आणि पाण्याचे ठिकाण सांगावे, आणि ते तपासणीच्या चिठ्ठीवर लिहायला लावावे.