थंडीला काय घाबरता, दहाच्या उन्हाला घाबरा

दिवाळी सरली, पहाटे पंख्याचं बटण बंद झालं आणि गोधड्या निघाल्या की एक मेसेज फिरायला लागतो. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर येतो, भावकीच्या ग्रुपवर येतो, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर तर दोनदा येतो. त्यात म्हटलेलं असतं की थंडीत रक्त घट्ट होतं, म्हणून पहाटे पळणाऱ्याला हार्ट अटॅक ठरलेला. गार हवेनं फुप्फुसं गोठतात. पळायचंच तर स्वेटर-कानटोपी घालून घाम काढा, चरबी वितळते. तहान लागत नाही म्हणजे पाणी नको. निघण्याआधी डिंकाचा लाडू आणि दोन चमचे ब्रँडी घ्या. आणि सगळ्यात शेवटी, मॅरेथॉन हे थंड मुलखातल्या लोकांचं काम, मराठवाड्याच्या माणसाचं शरीर उन्हासाठी बनलंय. खाली एका डॉक्टरांचं नाव असतं, ते दरवर्षी बदलतं.

ज्यानं जानेवारीतल्या हाफ किंवा फुल मॅरेथॉनला नाव घातलंय, त्याच्या घरात मग रोज रात्री हाच विषय. त्याला निदान उत्तर तरी देता यावं म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शेवटचा आधी, कारण तो सगळ्यात उलटा आहे. पळताना शरीर एक किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च करतं. साठ किलोच्या माणसाला फुल मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला अडीच हजारांच्या आसपास लागतात, आणि त्यातला तीनचतुर्थांश भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे मॅरेथॉन पळणाऱ्यापुढे प्रश्न ऊब मिळवण्याचा नसतो, ती टाकायची कुठं याचा असतो. गार हवा ती फुकटात घेऊन जाते. गरम हवेत तेच काम घामाला करावं लागतं, त्यासाठी रक्त कातडीकडे वळतं आणि पायांच्या वाट्याचं कमी होतं. जगातली चांगली टायमिंग बहुतेक वेळा गार हवेतच येतात ती यामुळे. केनियाच्या एलियुद किपचोगेनं १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत हे अंतर कापलं, तेव्हा आयोजकांनी हवा मनासारखी मिळावी म्हणून तारीखसुद्धा आठवडाभर मोकळी ठेवली होती.

आणि मराठवाड्याच्या शरीराचं म्हणाल, तर बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सैन्यात असताना सियाचीनला राहून आलाय. हाफ मॅरेथॉनचा १ तास ३० सेकंदांचा त्याचा राष्ट्रीय विक्रम दिल्लीत नोव्हेंबर २०२० च्या शेवटी झाला, गारठ्याच्या दिवसांत. मांडवा काही काश्मीरला नाही. एवढं लांबही जायला नको. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या ग्राउंडवर जाऊन बघा, पोलीस भरतीची पोरं-पोरी सोळाशे आणि आठशे मीटरचे राउंड मारत असतात.

आता हार्ट अटॅक. या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त घोळ घालतो. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात, बीपी वाढतं, रक्त गोठण्याकडे थोडं झुकतं आणि हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके वाढतात, हे सगळं खरं. पण ते येतात मुख्यतः कुणाला? ज्यांच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळे आहेत, बीपी-शुगर आहे, सिगारेट किंवा तंबाखू आहे, आणि वर्षभर खुर्चीत बसून जे एके दिवशी एकदम जोर करतात त्यांना. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ आणि फुल मॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांचा हिशेब डॉक्टरांनी मांडला होता. त्यांपैकी ५९ जणांचं हृदय बंद पडलं, ४२ दगावले. म्हणजे हृदय बंद पडण्याचं प्रमाण एक लाख ८५ हजारांमागे एक. फुल मॅरेथॉनमधलं प्रमाण हाफच्या जवळपास चौपट होतं, तेही लपवायचं कारण नाही. ज्यांचं काय झालं याची पूर्ण माहिती मिळाली, त्यांत बहुतेकांना हृदयाच्या स्नायूचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार होता. जवळच्या माणसानं लगेच छाती दाबायला घेतली तिथं वाचण्याची शक्यता वाढली.

यातून थंडीत पळू नका असं निघत नाही. चाळिशी ओलांडलेल्यानं, बीपी-शुगरवाल्यानं, घरात कुणाला लवकर अटॅक आलेला असेल त्यानं नाव घालण्याआधी डॉक्टरांना दाखवावं, ईसीजी आणि गरज असेल तर स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी, हे निघतं. तपासणीचा खर्च बुटांपेक्षा जास्त नसतो, पण आपले लोक बूट आधी घेतात. गार पहाटे दहा-पंधरा मिनिटं भराभर चालून, मग हळू पळून अंग तापवावं आणि नंतरच वेग धरावा. पळताना छातीवर दाब आला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर तिथंच थांबायचं. आपल्याकडे अशा वेळी हमखास एक जण म्हणतो, 'पित्त झालं असेल अप्पा, सोडा घ्या.' माणूस पळाल्यामुळे जातो त्यापेक्षा या सोड्याच्या वाटेनं जास्त जात असावा, असं माझं मत आहे.

फुप्फुसं गोठण्याचं मात्र डोक्यातून काढून टाका. नाकातून, घशातून आत जाईपर्यंत हवा अंगाइतकी गरम आणि ओलसर होते. उणे वीस अंशांतही लोक पळतात, आपली परभणी अगदीच कडाक्यात पाचच्या खाली जाते, तीही वर्तमानपत्राची पहिल्या पानाची बातमी होते. घसा जळजळतो, खोकला येतो तो हवेच्या कोरडेपणानं. दमा असणाऱ्यानं मात्र जपावं. नाकातोंडावर रुमाल बांधावा, पंप खिशात ठेवावा, तो कधी घ्यायचा ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. हिवाळ्याच्या पहाटे फुप्फुसांना खरा त्रास होतो तो धुराचा. गार हवा जमिनीलगत बसते आणि शेकोट्या, पेटवलेल्या पऱ्हाट्या, नगरपालिकेच्या कचऱ्याचा धूर तिच्यातच अडकून राहतो. टायर जळत असलेल्या शेकोटीजवळून जाताना श्वास रोखून पळणारी पोरं पाहिली की मेसेज लिहिणारा पहाटे घराबाहेर पडत नसावा याची खात्री पटते.

स्वेटर आणि कानटोपीच्या सल्ल्यात तर हवेचा नीट अभ्यासच नाही. मराठवाड्यातली थंडी दिवसभर टिकत नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सगळ्यात गार वेळ असते ती त्याच्या आसपासची. सहाला अकरा अंशांत सुटलात तर पहिला तासभर हवा गरम व्हायच्या ऐवजी आणखी गार होते. नऊला अठरा-वीस, अकराला पंचवीस. तीन तासांत संपवणाऱ्याला हा प्रश्न नाही. पण आपण हौशी मंडळी पाच-साडेपाच तास घेणार, म्हणजे आपली मॅरेथॉन स्वेटरात सुरू होते आणि भर उन्हात, सावली नसलेल्या हायवेवर संपते. शेवटच्या दहा किलोमीटरला लोक चालायला लागतात ते थंडीनं नव्हे. पहाटे घाम दिसत नाही, दम जाणवत नाही, पाय आपोआप पळतात, म्हणून पहिले दहा किलोमीटर ठरवल्यापेक्षा जोरात जातात, आणि त्याची वसुली दहाचं ऊन करतं. माझ्या मते गारठ्याचा हौशी धावकाला खरा दगा हाच.

म्हणून सुरुवातीला थोडं कुडकुडतच उभं राहायचं. घाम लवकर सुकणारा टी-शर्ट, वर एखादा टाकाऊ जुना शर्ट, हातमोजे, कानाला पट्टी. तीन-चार किलोमीटरला अंग तापलं की वरचा शर्ट काढून कंबरेला बांधायचा किंवा ओळखीच्या कुणाला द्यायचा. सुती बनियन अजिबात नको. ते घाम पितं आणि सोडत नाही, ओलं होऊन छातीला चिकटतं, घासत राहतं. फिनिश लाइनवरच्या फोटोंत पुरुषांच्या पांढऱ्या टी-शर्टवर छातीपासून खाली उतरलेल्या दोन लाल रेघा दिसतात, ते रक्त असतं. गारठ्यानं कातडी ताठरलेली असते, कळत नाही. कळतं ते घरी अंघोळीचं पहिलं तांब्याभर पाणी अंगावर पडल्यावर. व्हॅसलीन लावा, नाहीतर चिकटपट्टी. आणि घामानं चरबी वितळत नाही. घटलेलं वजन पाण्याचं असतं, दोन तांबे पाणी प्यालात की परत येतं.

पाण्याबद्दल मेसेज अर्धवट बरोबर आहे. थंडीत तहान कमी लागते, पण घाम येतोच, कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं आणि लघवी जास्त होते. स्टार्टजवळच्या टॉयलेटची रांग त्याची साक्ष देते. पण म्हणून वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लास रिचवणंही धोक्याचंच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, धोक्याच्या रेषेखाली गेलं होतं, आणि त्याचं एक मोठं कारण वाटेत जास्त पाणी पिणं हे होतं. सावकाश पळणाऱ्याला प्यायला वेळही जास्त मिळतो. तहान लागेल तसं घोट घोट प्यावं. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर समजावं की पाणी जास्त झालं.

डिंकाच्या लाडवावर माझा राग नाही, पण तो संध्याकाळी खावा. तूप, खोबरं पोटात तासन्‌तास बसून राहतं. निघण्याआधी दोन तास गूळ-पोळी किंवा केळं, आणि वाटेत तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जाईल असं काहीतरी; एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं. ब्रँडीनं ऊब आल्यासारखं वाटतं, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. ज्याला थंडीपासून वाचायचंय त्यानं नेमकं हेच करू नये.

मग थंडी कधीच धोक्याची नाही का? आहे की. पाऊस आणि वारा तिच्या जोडीला आले की. एप्रिल २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन चार-पाच अंशांत, समोरून येणाऱ्या वाऱ्यापावसात झाली. मोठमोठे व्यावसायिक धावक अर्ध्यातून बाहेर पडले आणि जिंकला युकी कावाउची, तेव्हा जपानमध्ये सरकारी नोकरी सांभाळून पळणारा माणूस. हे ऐकायला छान आहे. पण मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक वारा, पाऊस, गारा आल्या आणि गारठून २१ धावक गेले. आपल्याकडेही डिसेंबर-जानेवारीत अवकाळी येतोच. कोरड्या आठ अंशांपेक्षा भिजलेले चौदा अंश वाईट. हुडहुडी थांबेना, बोटांनी बुटाची नाडी सुटेना, बोलताना जीभ जड झाली, की शर्यत सोडायची, ओले कपडे काढायचे, ब्लँकेट आणि गोड गरम चहा घ्यायचा. फिनिशनंतर मेडल गळ्यात घालून ओल्या टी-शर्टवर अर्धा तास फोटो काढणं हा याच आजाराचा सौम्य प्रकार.

आता जे त्या मेसेजमध्ये कुठंच नाही ते. मराठवाड्यात हिवाळा म्हणजे गाळपाचा हंगाम. पहाटेच्या अंधारात, धुक्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले असतात. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, टेपवर गाणी इतक्या आवाजात की ड्रायव्हरला तुमची हाक ऐकू येणार नाही. बैलगाड्या तर पूर्ण अंधारात. लाँग रनला निघताना रस्त्याच्या उजव्या कडेनं पळा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. डोक्याला बॅटरी, पाठीवर चमकणारी पट्टी, कानात काहीही नको. धुकं दाट असेल त्या दिवशी सातनंतरच निघा, नाहीतर ग्राउंडवरच राउंड मारा. कंटाळवाणं आहे, पण तिथं ट्रॉली येत नाही.