जेसीबीखाली जुनं देऊळ निघालं तर काय करायचं?

राजेहो, रोड रुंदीकरणात जुनी गल्ली पाडली आन् खाली घडीव दगडाचा चौथरा लागला, असं तुमच्या गावात झालं तर बिलकुल घाबरू नका. आमच्याकडं नुकतंच झालं, अनुभवाचे बोल आहेत.

पहिलं म्हणजे जेसीबी थांबवू नका. डिझेल काय फुकट येते?

मग रील काढा. चौथऱ्यावर बुटासकट उभं राहून.

तोवर कोणीतरी हंड्याची बातमी सोडतेच, म्हणून रात्री टॉर्च आन् सब्बल तयार ठेवा. हेमाडपंती कामात चुना नसते, दगडात खाचा पाडून दगड बसवला असते, एक उपटला की बाकीचे ढिले. यादवांच्या कारागिरानं ७०० वर्षांआधी तुमचीच सोय पाहिली म्हणायची.

ऑफिसात कळवायची हौस असंल तर सुट्टी टाकून जा. मी गेलो. एक टेबल म्हणे हे आमच्याकडं येत नाही, दुसरं म्हणे लेखी द्या, लेखी दिलं तं म्हणे फोटोची कलर प्रिंट जोडा, झेरॉक्सवाल्याकडं लाइन गेलेली, साहेब व्हीसीत, सोमवारी या, सोमवारी साहेब दौऱ्यावर, शेवटी मीच त्याईले सांगितलं की बाबा १८७८ चा कायदा आहे, जमिनीत १० रुपयांवरची पुरलेली चीज सापडली तर कलेक्टरले कळवा लागते, तं म्हणे मग या दगडाची किंमत किती? किंमत! बुधवारी पंचनाम्याले माणूस आला तवा तिथं मुरूम पसरला होता. त्यानं मुरमाचा पंचनामा केला.

सिंदखेडराजाले २०२४ साली लखुजी जाधवांच्या समाधीजवळ माती काढता काढता आधी शिवमंदिर लागलं, मग खाली शेषशायी विष्णूची मूर्ती. तिथं आपला जेसीबीवाला असता तं?

जाऊ द्या, आता सरळच बोलतो. दगड काय ऑफिसनं नेले? तुम्ही नेले. ट्रॅक्टर कोणाचा होता तेही मले माहीत आहे. दोन दिवस दम धरला असता, टेप लावून मापं घेतली असती, तर ते देऊळ होतं का बारव होती एवढं तरी कळलं असतं. मी हेमाडपंती म्हणतो तेही आता अंदाजानंच. शिवजयंतीले डीजेपुढं इतिहास इतिहास करत घसा फोडता ना, लाजा वाटू द्या जराशा. आन् ओसरीपुढं ज्या नव्या दगडावर चपला काढता, तो उलटा करून पाहा. खाली अर्धं कमळ आहे, ट्रॅक्टरमधी टाकताना मी पाहिलं होतं.