एकच लॉगिन, चाळीस विद्यार्थी आणि बिचारी वेबसाइट

‘वर्डप्रेस ऑनलाइन शिकवा, घरबसल्या क्लास काढा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या शिक्षकांच्या ग्रुपांमधून फिरतोय. वहिनीच्या फोनवर तो तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून येऊन धडकला आणि सुट्टीतल्या बॅचसाठी तिने त्यातलं निम्मं अमलातही आणलं, म्हणून हे लिहिणं आलं. (वर्डप्रेस म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर.) मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सगळा कोर्स एका मोठ्या व्हिडिओत रेकॉर्ड करून टाका, स्वस्त होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) एक साइट काढून तिचं अ‍ॅडमिन लॉगिन सगळ्यांना द्या, महागडी थीम (साइटचं तयार रूपडं) ‘फुकट व्हर्जन’मध्ये वाटा, शंका आल्या तर झूम आहे, एआय आहे, आणि मराठीच्या भानगडीत पडू नका, वर्डप्रेस मराठीत चालत नाही.

आधी लॉगिनचं बघू, कारण खरं नुकसान तिथे आहे.

‘सगळ्यांना एकच अ‍ॅडमिन लॉगिन द्या, सांभाळायला सोपं.’ कोणाला सोपं? वर्डप्रेसमध्ये एकच पोस्ट दोघांनी उघडली, तर दुसऱ्याला ‘अमुक जण यावर काम करतोय’ असा इशारा येतो. पण हे कुलूप युजर बघून लागतं. लॉगिन एकच असेल तर वर्डप्रेसच्या लेखी चाळीस मुलं म्हणजे एकच माणूस, चाळीस ब्राउझर उघडून बसलेला. इशारा येतच नाही. एकीने तासभर खपून पान सजवलं. दुसऱ्याकडे त्याच पानाची जुनी प्रत उघडी होती, त्याने शेवटी ‘अपडेट’ दाबलं, की राहिलं ते त्याचं. रिव्हिजनमध्ये, म्हणजे जुन्या प्रतींच्या यादीत, आधीचा मजकूर सापडतो, नाही असं नाही. पण तिथे प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव. बसा शोधत कोणाचं काम कुठलं ते.

ही झाली एका पानाची गोष्ट. एकाने थीम बदलली की सगळ्यांची बदलली. एकाने पासवर्ड बदलला की बाकीचे त्या क्षणी बाहेर. आणि कोणीतरी हमखास सेटिंग्जमधल्या जनरलमध्ये जाऊन ‘वर्डप्रेस अ‍ॅड्रेस’च्या चौकटीत मनाला येईल तो पत्ता टाकतो. मग लॉगिनचं पानसुद्धा धड उघडत नाही. अशा वेळी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कॉन्फिग ही मूळ सेटिंग्जची फाइल उघडायची आणि साइटचे दोन्ही पत्ते तिथे हाताने लिहायचे; तेही चालू तासात, चाळीस जण ‘मॅडम, दिसत नाहीये’ म्हणत असताना. शाळेच्या लॅबमधून बसले असतील तर आणखी एक गंमत. सगळे एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) येतात, त्यामुळे लॉगिनचे प्रयत्न मोजणारं प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, लावलेलं असेल तर दोघातिघांच्या चुकीने अख्खी लॅब बाहेर राहते.

प्रत्येकाला मोडता येईल अशी स्वतःची साइट हवी. हे आधी ठरवा, मग कॅमेरा आणि माइक घ्यायला जा. सुरुवातीच्या तासांना वर्डप्रेस प्लेग्राउंड पुरतं: ब्राउझरच्या टॅबमध्येच सगळं वर्डप्रेस चालतं, होस्टिंग लागत नाही. ‘ब्लूप्रिंट’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये कोणती थीम, कोणती प्लगिन्स, कोणतं पान आधी उघडायचं हे लिहून ठेवलं की एका लिंकवर सगळ्यांची सुरुवात सारखी होते. खोट एवढीच, की काम साठवलं नाही आणि टॅब रिफ्रेश झाला तर सगळं पुसलं जातं. तास संपायच्या दहा मिनिटं आधी प्रत्येकाला झिप उतरवून घ्यायला लावा. आत मायएसक्यूएल या नेहमीच्या डेटाबेसऐवजी एसक्यूलाइट असल्याने काही प्लगिन्स अडतात, आणि संपर्क फॉर्मचा ईमेल खरंच जातो का हे तपासायची ती जागा नव्हे.

पुढे महिनाभराची बॅच असेल तर त्याच होस्टिंगवर मल्टिसाइट, म्हणजे एकाच वर्डप्रेसमध्ये अनेक साइटा, लावा. प्रत्येकाला स्वतःची उपसाइट मिळते, सगळ्यांच्या चाव्या तुमच्याकडे राहतात. मात्र उपसाइटच्या अ‍ॅडमिनला प्लगिन किंवा थीम नव्याने इन्स्टॉल करता येत नाही, तो भाग प्लेग्राउंडवर किंवा स्वतःच्या कॉम्प्युटरवरच शिकवावा लागतो. आणि नेटवर्क सेटिंग्जमध्ये एका फाइलची मर्यादा मुळात १५०० केबी असते. फोनवर काढलेला फोटो सहज त्याच्या पुढे जातो. पहिल्याच दिवशी ‘फोटो चढत नाही’ची बोंब नको असेल तर तो आकडा आधीच वाढवून ठेवा.

‘एकदा आठ तासांचा व्हिडिओ करून ठेवला की आयुष्यभर चालतो.’ आयुष्यभर? वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षाला दोन-तीन येतात. जुन्या व्हिडिओत शिक्षक सांगतो, ‘अपीअरन्समध्ये जा, कस्टमाइझवर क्लिक करा.’ जानेवारी २०२२ मधल्या ५.९ आवृत्तीपासून ब्लॉक थीमचा (सगळी साइट ब्लॉक जोडून रचायची) जमाना आला आणि तशी थीम चालू असेल तर मेनूत सहसा कस्टमाइझ दिसतच नाही, तिथे ‘एडिटर’ असतो. विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. आठ तासांच्या सलग फाइलमधला हा दोन मिनिटांचा तुकडा बदलणार कसा?

लांबीबद्दल तर पुरावाच आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. ‘मग आठ तासांचे ऐंशी तुकडे करू’ असं म्हणणाऱ्यांसाठी: वर्गातलं लांब व्याख्यान नंतर कापून केलेले तुकडे, मुळातच छोटे म्हणून केलेल्या व्हिडिओंइतके बघितले जात नाहीत, हेही त्याच अभ्यासात आहे. शिवाय ‘कसं करायचं’ छापाचे व्हिडिओ लोक सलग बघत नाहीत, मागेपुढे करत हवा तो भाग शोधतात. तेव्हा एका व्हिडिओत एकच काम ठेवा आणि नावही तसंच द्या: ‘मेनूत नवं पान जोडणे’. ‘भाग ७’ नको.

रेकॉर्डिंग टाकाऊ आहे असं मात्र नाही, एवढं मेसेजवाल्याला द्यायला हवं. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प याच पायावर उभा आहे, आणि मराठीतही आहे. पण तिथले धडे साधारण दहा मिनिटांचे असतात, आणि अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, पाहिलं ते लगेच करायचं, ही त्यांची पद्धत. मेसेजमधून नेमकं हेच गळलंय.

‘फुकट व्हर्जन’ची थीम. थीमचा पीएचपी कोड सहसा जीपीएलखाली, म्हणजे मुक्त वापराच्या परवान्याखाली, असतो, म्हणून वाटणं दर वेळी बेकायदा ठरत नाही, हे कबूल. प्रश्न त्यात कोणी काय घुसडलंय हा आहे. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचं मालवेअर अशाच चोरट्या थीम-प्लगिनांतून पसरलं. ते एका साइटवरून त्याच होस्टिंगवरच्या दुसऱ्या साइटांत शिरतं. म्हणजे चाळीस मुलांना चाळीस साइटा दिल्यात आणि वर ही चोरटी थीम दिलीत, तर केलंत काय? वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत हजारो थीम फुकट आहेत. शिकायला वर्डप्रेससोबत येणारीच पुरते.

झूम: फुकट खात्यावर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते, हे बहुतेकांना अनुभवाने माहीत आहे. लाइव्ह वेळ व्याख्यानात घालवू नका, अडलेल्याची स्क्रीन शेअर करायला लावा. मुलं फोनवरून बघत असतील तर स्वतःच्या ब्राउझरचा झूम दीडशे टक्क्यांवर ठेवा. एआय विचारायला हरकत नाही, फक्त थीम आणि आवृत्ती सांगून विचारायला शिकवा, नाहीतर ते पण ‘कस्टमाइझवर क्लिक करा’च सांगेल.

राहिलं ‘मराठीत चालत नाही’. साफ खोटं. जनरल सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की भाषांतर आपोआप उतरतं. अर्धं सत्य इतकंच, की बटणांची मराठी नावं टाकून मदत शोधली तर हाती फार काही लागत नाही. त्यावरही उपाय २०१६ पासून, म्हणजे ४.७ आवृत्तीपासून आहे: साइट मराठीत ठेवा आणि विद्यार्थ्याच्या प्रोफाइलमध्ये डॅशबोर्डची भाषा इंग्रजी करा.

मराठीत खरी अडचण येते ती स्लगची, म्हणजे पानाच्या पत्त्यातल्या शेवटच्या तुकड्याची, आणि ती मेसेजवाल्याच्या गावीही नाही. स्लगला २०० अक्षरांची जागा असते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्तसुद्धा, पत्त्यात टक्क्याच्या चिन्हांच्या कोडमध्ये बदलतं आणि नऊ जागा खातं. नुसत्या ‘स्नेहसंमेलन’च्या ९९ होतात. ‘शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन’ असा मथळा दिलात तर पत्ता ‘शाळेचे-वार्षिक-स्नेहसंमे’वर तुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांची माळ दिसते ती वेगळीच. मथळा मराठीतच ठेवा, स्लगच्या चौकटीत मात्र प्रकाशित करण्याआधी रोमन लिपीत एक-दोन शब्द टाका. नंतर बदललात तर आधी वाटलेल्या लिंका वर्डप्रेस बहुधा नव्या पत्त्यावर वळवतं, पण पोस्टसाठी. पानांसाठी त्यावर विसंबू नका.